बोलका मुलगा आणि न दिसणारी अडचण




गेल्या अंकात आपल्या वसतिगृहातील दहावीच्या एका मुलाविषयी चार ओळी आल्या होत्या. त्यात 'अशाब्दिक अध्ययन अक्षमता' हा शब्द वाचून एका भगिनींनी कळवळून विचारले, "त्या मुक्या मुलासाठी खुणांची भाषा शिकवणारे कुणी शोधू का?" त्यांचा काही दोष नाही, नावच फसवे आहे. हा मुलगा मुका तर नाहीच, उलट बोलायला लागला की थांबत नाही. प्रार्थनेच्या वेळी वाचनाला त्यालाच उभे करतात. एकदा ऐकलेली गोष्ट तो वारलीत आणि मराठीत, दोन्हींत सांगतो.

त्याला अडचण येते ती शब्दांवाचून शिकायच्या गोष्टींत. अंतर, दिशा, आकार, हाताचे वळण, समोरच्याच्या चेहऱ्यावरचा भाव या गोष्टी आपल्याला कुणी शिकवत नाही, आपण पाहूनच उचलतो. त्याला तसे उचलता येत नाही. आवणीला गेला की रोपांची ओळ वाकडी जाते. गाठ सुटते. भूमितीची आकृती कागदाबाहेर जाते. स्वयंपाकाच्या मावशी उशिरा आल्याबद्दल म्हणाल्या, "काय राजे, लवकर आलात!" तर तो हसून म्हणाला, "हो." मुले हसली. मीही त्याला उद्धट समजलो होतो, आणि गणिताच्या वहीवरून कामचुकारही म्हणालो होतो. इतके छान बोलणारा मुलगा इतके सोपे काम चुकतो, म्हणजे मुद्दामच करत असणार, असा सरळ हिशेब आपण मांडतो. या मुलांना खरा मार बसतो तो इथेच.

अमेरिकेतील जॉन्सन आणि मायक्लबस्ट यांनी १९६७ साली अशा मुलांविषयी लिहिले. पुढे १९८९ मध्ये कॅनडाचे बायरन रूर्क यांनी यावर ग्रंथच लिहिला. तरी अमेरिकन मानसोपचारतज्ज्ञांच्या निदान-पुस्तिकेत या अडचणीला अजून स्वतंत्र जागा नाही. आपल्याकडे २०१६ च्या दिव्यांग हक्क कायद्यात 'विशिष्ट अध्ययन अक्षमता' आहे. तिच्यात हे नाव येत नाही, पण गणिताची अक्षमता आणि हालचालींतील विसंगती यांचा उल्लेख आहे. त्या वाटेने प्रमाणपत्र मागता येते.

लहानपणी हे लक्षात येत नाही, कारण पहिली-दुसरीत पाठांतरावर भागते. चौथी-पाचवीपासून अपूर्णांक, नकाशे, आलेख येतात आणि मूल मागे पडते. पुढे मित्रांच्या थट्टेतले 'आत' आणि 'बाहेर' कळेनासे होते. अशी मुले चिंतेने, उदासीने ग्रासली जाण्याचा धोका असतो. वसतिगृहात ते 'हल्ली गप्प असतो' एवढ्यावरच निभावले जाते.

आपल्या भागात आणखी एक पेच आहे. तज्ज्ञ मुलाची शाब्दिक क्षमता आणि नजरेची-हाताची क्षमता यांतील तफावत पाहतात. चाचणी मराठीत किंवा इंग्रजीत झाली आणि मुलाची घरची बोली वारली असली, तर शब्दांचे गुणही कमी पडतात. मग तफावत दिसत नाही आणि 'मुलगा एकूणच मंद' असा शेरा बसतो. म्हणून चाचणीला जाताना बोली जाणणारे माणूस बरोबर हवे, हा माझा आग्रह आहे.

मदत कशी करायची? दिसणारे शब्दांत आणायचे. "बघ, असं कर" म्हणून काम होत नाही. "उजवा पदर डाव्यावर, खालून आत, आता ओढ" असे सांगितले, त्याने मोठ्याने म्हटले, की गाठ बसते. एका वेळी एकच सूचना. गणिताला चौकटीची वही, दर चौकटीत एक अंक. दिवसाचा क्रम बदलणार असेल तर आदल्या रात्रीच सांगायचे. टोमणा मारला असेल तर "मी गमतीने म्हणालो, तू उशिरा आलास" एवढे जोडायचे. एका हितचिंतकांनी प्रेमाने भिंतीवर लावायचे रंगीत तक्ते पाठवले. इतर मुलांना त्यांचा फार उपयोग झाला, याला मात्र त्या गर्दीत काहीच सापडत नव्हते. त्याच्यासाठी वसतिगृहातल्या ताई धडा वाचून मोबाइलवर ध्वनिमुद्रित करतात.

राज्य मंडळाच्या परीक्षेत प्रमाणपत्रधारकांना जादा वेळ आणि गणनयंत्र अशा सवलती असतात. त्यासाठी मुंबईला शीवच्या लोकमान्य टिळक रुग्णालयात खेपा घालाव्या लागतात. डहाणूहून गाडीने दादर, तिथे मध्य रेल्वेकडे जाऊन शीव. पहिल्या खेपेला दादरच्या पुलावर क्षणभर हात सुटला आणि तो वीस मिनिटे दिसेना. नकाशा दाखवून काही उपयोग नव्हता. मग आम्ही वाट शब्दांत बांधली: "उतरलो की जिना चढ, वर पाटी वाच, 'मध्य रेल्वे' लिहिलंय तिकडे वळ, गर्दी चालली म्हणून चालू नको." त्याने ती पाठ केली. दुसऱ्या खेपेला पुलावर तो पुढे होता आणि मी मागे.

तिसरी खेप पुढच्या महिन्यात आहे. वारली आणि मराठी दोन्ही जाणणारे, त्या दिवशी मुंबईत येऊ शकणारे कुणी आपल्या मंडळीत असल्यास वसतिगृहाच्या पत्त्यावर दोन ओळी लिहून कळवावे.