जिल्हा कुठला? कुलाबा!

बिरवाडीतल्या एखाद्या आजोबांना ‘तुमचा जिल्हा कुठला?’ विचारलं आणि ते चटकन ‘कुलाबा’ म्हणाले, तर लगेच काळजीत पडू नका. महाड-पोलादपूरचा हा मुलूख १९८१ पर्यंत कुलाबा जिल्ह्यातच होता. जिल्ह्याचं नाव रायगड झालं तेव्हा आजोबा ऐन तारुण्यात असतील. महिना विचारल्यावर त्यांनी ‘आषाढ’ सांगितलं, तर तेही बरोबरच.

हे प्रश्न येतात स्मरणशक्तीच्या चाचण्यांत. त्यांतली सर्वांत गाजलेली १९७५ ची, फोल्स्टीन दांपत्य आणि मॅकह्यू यांची. गुण ३०. त्यात शंभरातून सात वजा करत जायचं, ‘डोळे मिटा’ हे वाचून डोळे मिटायचे, एक वाक्य लिहायचं. आता शाळेची पायरीच न चढलेल्या माणसानं हे कसं करावं?

उत्तर मिळालं हरियाणातल्या बल्लभगडला. तिथल्या खेड्यांतल्या निरक्षर वृद्धांसाठी ही चाचणी हिंदीत नव्यानं बांधली गेली. ती १९९५ मध्ये प्रसिद्ध झाली. शंभरातून सातऐवजी विसातून तीन वजा करा. वाचू नका, माझ्याकडे बघा आणि मी करतो तसं करा. लिहू नका, आपल्या घराबद्दल काहीतरी सांगा. मला तर हे फारच आवडलं. माणूस तोच, बदलला तो फक्त प्रश्न!

मॉन्ट्रियलच्या नसरुद्दीन यांची २००५ ची चाचणी आणखी कडक. घड्याळ काढा, गेंडा आणि उंट ओळखा, पाच शब्द लक्षात ठेवून पाच मिनिटांनी सांगा. शिक्षण कमी असेल तर एक गुण वाढवून मिळतो. तिच्यात २६ च्या खाली गेलं की शंका घ्यायची. पण अमेरिकेत डॅलसमध्ये अडीच हजारांहून अधिक लोकांना ती दिली, तेव्हा तब्बल ६६ टक्के २६ च्या खाली निघाले. त्यांचं सरासरी वय होतं जेमतेम पन्नास! म्हणून कमी गुण म्हणजे आजार नव्हे. नीट तपासणी करून घ्यायची ती खूण. कमी ऐकू येणं, थायरॉइड, बी-१२ ची कमतरता, उदासी यांनीही गुण घसरतात, आणि या सगळ्यांवर इलाज आहे.

वय वाढलं की वेग मंदावतो, नाव जिभेवर येऊन अडतं आणि तासाभरानं आपसूक आठवतं. हे नेहमीचंच. शब्दसंपत्ती मात्र साठीपर्यंत टिकते, कित्येकांची वाढतेही. नेहमीच्या वाटेवर घर न सापडणं, रोजचा हिशेब अचानक न जमणं, हे वेगळं. तिथे डॉक्टर गाठायलाच हवा.

हैदराबादच्या २०१३ च्या अभ्यासात तर एकाहून अधिक भाषा बोलणाऱ्यांना स्मृतिभ्रंश सरासरी साडेचार वर्षं उशिरा झालेला दिसला, अगदी निरक्षरांनाही. गावात मराठी आणि मुंबईच्या नोकरीत हिंदी बोललेल्या बिरवाडीच्या चाकरमान्यांनी हे जरूर वाचावं.

आणि भारतभरच्या पाहणीचा २०२३ मध्ये आलेला अंदाज असा की साठीपुढच्या शंभरांतल्या साधारण सात जणांना स्मृतिभ्रंश असतो. म्हणजे बाकीच्या ९२-९३ जणांना नसतो!