पोटाची खळगी ते धान्याची कणगी

मार्च महिना आला की बँकेत आमच्या काउंटरपुढे पीककर्जाचे नवेजुने करणाऱ्यांची गर्दी होते. कुणाचा ऊस कारखान्याला गेलेला असतो, कुणाची ज्वारी खळ्यावर आलेली असते. अशाच एका दिवशी वडिलांबरोबर आलेल्या एका विद्यार्थ्याने आम्हाला विचारले, "सर, माणसाला शेती कुणी शिकवली?" त्याचे वडील हसले. आम्हाला मात्र हसू आले नाही. प्रश्न मोलाचा होता. त्या गर्दीत उत्तर देता आले नाही, ते या स्मरणिकेच्या निमित्ताने देत आहोत.

आपल्यासारखा माणूस पृथ्वीवर येऊन सुमारे तीन लाख वर्षे झाली. शेती मात्र जेमतेम बारा हजार वर्षांची. माणसाचे सारे आयुष्य चोवीस तासांचा एक दिवस मानले, तर शेती त्यातील शेवटच्या तासाभरातली होय. उरलेले तेवीस तास माणूस शिकार करीत, कंदमुळे, फळे व रानटी धान्य गोळा करीत हिंडत होता. आपल्या महाराष्ट्रातही तो होताच. नेवाशाजवळ प्रवरेच्या काठी आदिमानवाची दगडी हातकुऱ्हाडी सापडली आहेत. तो अडाणी होता असे समजण्याचे कारण नाही. कोणते पान विषारी, कोणते कंद भाजून खावे, कोणत्या पाणवठ्यावर हरिण येते, हे सारे त्याला तोंडपाठ होते. फक्त साठवण नव्हती. आजचे आज.

पश्चिम आशियात जंगली गहू व जव मुबलक उगवत. वेचलेले दाणे वस्तीजवळ सांडले, रुजले, आणि पुढे माणूस ते मुद्दाम पेरू लागला. दाणे वेचण्याचे काम स्त्रियांकडे असावे, म्हणून शेतीचा शोध स्त्रीने लावला, असे अनेक अभ्यासकांचे मत आहे. बलुचिस्तानातील मेहरगढ येथे इ.स.पूर्व ७००० च्या सुमारास शेती करणारी वस्ती होती. तिच्याच पुढच्या वाटेवर हडप्पा, मोहेंजोदडो ही नगरे उभी राहिली. गॉर्डन चाइल्ड या पुरातत्त्वज्ञाने या बदलाला नवाश्मयुगीन क्रांती असे नाव दिले. तथापि ही क्रांती एका रात्रीत झाली नाही, तिला हजारो वर्षे लागली.

आपल्याकडचे पहिले शेतकरी कसे राहत होते, हे पाहायचे तर इनामगावला जावे लागेल. हे गाव पुणे जिल्ह्यात शिरूर तालुक्यात घोड नदीच्या काठी आहे. घोड भीमेला मिळते आणि तीच भीमा पुढे आपल्या माळशिरस तालुक्याच्या कडेने वाहते. म्हणजे इनामगावकर हे आपल्याच पाण्याचे शेजारी! डेक्कन कॉलेजने १९६८ ते १९८३ या काळात डॉ. ह. धी. सांकलिया, डॉ. झै. दा. अन्सारी व डॉ. म. के. ढवळीकर यांच्या मार्गदर्शनाखाली तेथे उत्खनन केले. इ.स.पूर्व १६०० ते ७०० अशी सुमारे नऊशे वर्षांची वस्ती उजेडात आली. शंभरावर घरे सापडली. कुडाच्या, मातीने लिंपलेल्या भिंती, आत चूल, धान्यासाठी पेव आणि कणगी. जव, गहू, मसूर, वाटाणा ही त्यांची पिके. गायीगुरे, शेळ्यामेंढ्या ते पाळत व खात. तांबे थोडे असल्याने कापणीला गारेची धारदार पाती वापरत. नदीच्या पुराचे पाणी पाट काढून वळवल्याचाही पुरावा मिळाला. नीरा उजव्या कालव्याच्या पाण्यावर जगणाऱ्या आपल्या भागाला याचे महत्त्व वेगळे सांगायला नको.

आता खरा मुद्दा. वेचून खाणाऱ्याजवळ लपवण्यासारखे काही नव्हते. कणगी आली आणि "ही कणगी कुणाची?" हा प्रश्नही आला. इनामगावात मध्यभागी पाच खोल्यांचे एक मोठे घर होते. ते गावप्रमुखाचे असावे. त्याला लागूनच धान्याचे कोठार. कुंभार, सोनार, हस्तिदंताचे काम करणारे यांची घरे पश्चिमेच्या कडेला. प्रौढ माणसाला पुरताना घोट्याखाली पाय तोडत. पण चार पायांच्या एका मोठ्या रांजणात बसवून पुरलेल्या माणसाचे पाय शाबूत होते. तो मानाचा माणूस असणार. याचा अर्थ असा की तीन हजार वर्षांपूर्वीच गावात मधला आणि कडेचा असा भेद दिसू लागला होता. परंतु हाडांवर जात लिहिलेली नसते. कडेला राहणे म्हणजे विटाळ, असे त्या मातीत कोठेही सापडलेले नाही. ती जोड नंतरच्या माणसांनी दिली.

डॉ. बाबासाहेब आंबेडकरांनी १९४८ साली प्रसिद्ध केलेल्या 'दि अनटचेबल्स' या ग्रंथात नेमके येथेच बोट ठेवले आहे. काही टोळ्या शेतीवर स्थिरावल्या, काही भटक्याच राहिल्या. लढायांत वाताहत झालेली माणसे स्थिरावलेल्या गावांच्या कडेला राखणदार म्हणून राहिली. गावकुसाबाहेरची वस्ती अशी झाली आणि अस्पृश्यता तिला फार नंतर चिकटली, असा त्यांचा सिद्धान्त. त्याही आधी तथागतांनी अग्गञ्ञ सुत्तात वासेट्ठ व भारद्वाज यांना हेच वेगळ्या तऱ्हेने समजावले. लोक सकाळचा तांदूळ सकाळी, संध्याकाळचा संध्याकाळी आणीत. एकाने आळसाने दोन्ही वेळचा एकदम आणला, मग साठा सुरू झाला, शेतांना बांध पडले, चोरी आली, आणि भांडणे मिटवायला लोकांनी आपल्यातूनच एक राजा निवडला. ही कथा आहे, उत्खननाचा अहवाल नव्हे. पण उच्चनीचता आकाशातून पडत नाही, ती माणसांच्या व्यवहारातून घडते, हा तिचा बोध उत्खननाशी जुळतो.

इनामगावचे पुढे काय झाले? इ.स.पूर्व १००० नंतर दिवस फिरले. पाऊस कमी झाला, असे ढवळीकरांचे प्रतिपादन आहे. ऐसपैस चौकोनी घरांच्या जागी लहान गोल झोपड्या आल्या. शेती घटली, शिकार व मेंढपाळी वाढली, आणि इ.स.पूर्व ७०० च्या सुमारास गाव ओस पडले. १९७२ च्या दुष्काळात खडी फोडून सुकडीवर दिवस काढलेली आपली वडीलधारी माणसे हे ऐकून चटकन समजतील. पिकाच्या भरवशावर उभे राहिलेले गाव एका पावसाने वर येते आणि पावसानेच खाली बसते. फरक इतकाच की तेव्हा रोजगार हमी नव्हती.

आपल्याकडे शेतजमिनीला काळी आणि वस्तीच्या जागेला पांढरी म्हणतात. जुन्या पांढरीच्या टेकाडातील माती खत म्हणून शेतात नेली जाते आणि तिच्याबरोबर खापरे, मणी, चुली, सारा इतिहास काळीत मिसळून जातो. विद्यार्थी मित्रांनी एवढे जरूर करावे. असे टेकाड दिसले तर उकरू नये. शिक्षकांना सांगावे, पुरातत्त्व खात्याला कळवावे.

आणि त्या मुलाला उत्तर एवढेच, की शेती कुणा एकाने शिकवली नाही. ज्यांची नावे कोणत्याही पोथीत नाहीत अशा बायामाणसांनी ती पिढ्यान्‌पिढ्या चुकत शिकत उभी केली. ती तुझीही माणसे होती. कणगी सर्वांच्या श्रमाने भरली. तिच्यातला वाटा ठरवणारे नियम माणसांनी केले. माणसांनी केलेले नियम माणसांना बदलता येतात, हे बाबासाहेबांनी आपल्याला दाखवून दिलेच आहे.