दोन सैनिक आणि हरवलेली मूठ

बुऱ्हाणपूरच्या शनवाऱ्यात नव्वदच्या दशकात लहानाचे मोठे झालेल्यांना युद्धाचा व्हिडिओ गेम म्हटलं की एकच नाव आठवतं: कॉन्ट्रा. खाली भुसावळ-जळगावपर्यंत हीच गोष्ट. टीव्हीच्या मागे अँटेनाच्या जागी लावायची वायर, तासाभरात तापणारा ॲडाप्टर, ‘रिमोट’ म्हणून ओळखले जाणारे दोन कंट्रोलर आणि चालेनाशी झाली की फुंकर मारून पुन्हा बसवायची पिवळी कॅसेट, एवढ्या सामानावर उन्हाळ्याची सुट्टी निघायची. लाइट गेली की सगळं पहिल्यापासून. जिथवर पोहोचलो ते राखून ठेवायची सोय या गेममध्ये नव्हती.

ज्या डब्यात ही कॅसेट बसायची तो मुळात निन्टेंडोचा फॅमिकॉम. जपानमध्ये तो १५ जुलै १९८३ रोजी १४,८०० येनला विक्रीला आला आणि अमेरिकेत १९८५मध्ये एनईएस या नावाने पोहोचला. पुढे तैवान-चीनमधून त्याच्या असंख्य नकला निघाल्या. भारतीय बाजारात हे यंत्र समुराई, लिटल मास्टर अशा नावांनी मिळायचं. पोरांना नावाशी देणंघेणं नव्हतं, कॅसेटमध्ये कॉन्ट्रा आहे की नाही एवढंच पाहायचं असायचं.

पण याच यंत्रावर कॉन्ट्राच्या आधी दोन सैनिकांचा आणखी एक गेम आला होता. व्हिडिओ गेम पार्लरमध्ये त्याने नाव कमावलं होतं आणि घरी आल्यावर त्याची पार रया गेली. त्याचं नाव इकारी वॉरियर्स. चांगला गेम वाईट कसा होतो, हे समजून घ्यायला यासारखं दुसरं उदाहरण नाही.

ओसाकाच्या एसएनके कंपनीने १९८६मध्ये हा गेम पार्लरसाठी बनवला. आदल्याच वर्षी रॅम्बोचा दुसरा चित्रपट येऊन गेला होता आणि त्याची छाया इथे लपत नाही: उघड्या अंगाचे, डोक्याला पट्टी बांधलेले दोन जवान, जंगल, नदी, मशिनगन आणि हातबॉम्ब. जपानमध्ये त्यांची नावं राल्फ आणि क्लार्क, अमेरिकेत पॉल आणि व्हिन्स. दोघांनी एकाच वेळी खेळायचं, पडद्यावर खालून वर सरकत जायचं आणि वाटेत रिकामा रणगाडा दिसला तर त्यात शिरायचं. रणगाड्याचं इंधन संपतं, गोळ्याही मोजक्याच, त्यामुळे प्रत्येक पावलाला हिशेब.

गेमचा खरा जीव मात्र त्याच्या मुठीत होता. ही जॉयस्टिक आठ दिशांना ढकलता यायची, शिवाय नळाच्या चावीसारखी पिळताही यायची. पिळण्याचे बारा टप्पे होते. ढकललं की सैनिक चालणार, पिळलं की बंदूक वळणार. म्हणजे मागे सरकता सरकता समोर गोळ्या झाडता येत, डावीकडे पळताना उजवीकडचा शत्रू टिपता येई. चहूबाजूंनी माणसं धावून येतात अशा गेममध्ये ही मुभा म्हणजे चैन नव्हे, जगण्याचा एकमेव उपाय.

घरच्या यंत्रासाठी हा गेम उतरवून काढण्याचं काम मायक्रोनिक्स या जपानी कंपनीकडे गेलं. १९४२ हा विमानांचा गेम आणि घोस्ट्स अँड गॉब्लिन्स यांच्या एनईएस आवृत्त्याही तिच्याच, आणि त्यांच्याही अडखळत्या चालीबद्दल खेळणारे आजवर कुरकुरत आले आहेत. इकारी वॉरियर्सची ही आवृत्ती १९८६च्या अखेरीस जपानमध्ये आणि १९८७मध्ये अमेरिकेत आली.

आता अडचण बघा. घरच्या कंट्रोलरवर अधिक चिन्हाच्या आकाराचं एक दिशाबटण आणि गोळी-बॉम्बसाठी दोन बटणं. पिळायला काहीच नाही. मग ज्या दिशेला चालायचं तिकडेच बंदूक, असा तोडगा निघाला. त्यात सैनिक झटकन वळतही नाही. टप्प्याटप्प्याने अंग फिरवतो, आणि तेवढ्यात मागून आलेल्याने त्याला संपवलेलं असतं. पार्लरचा पडदा उभा होता, लांबून येणारा शत्रू दिसायचा. घरचा टीव्ही आडवा, त्यामुळे समोरची वाट तोकडी झाली. चाल संथ, दृश्य धक्के देत सरकणारं आणि प्रवास न संपणारा. चार टप्पे आहेत, पण एकेक इतका लांब की अंगठे दुखून येतात. दिलासा एकच: शेवटची लाइफ गेल्यावर ए, बी, बी, ए अशी बटणं दाबली की तिथूनच पुढे खेळता येतं. अशा चोरवाटेवाचून गेम पार होत नसेल, तर दोष खेळणाऱ्याचा मानता येत नाही.

यंत्र कमकुवत होतं हे खरं. सुमारे १.७९ मेगाहर्ट्झचा प्रोसेसर आणि कामासाठी २ किलोबाइट स्मृती. पडद्यावर एका वेळी ६४ हलत्या तुकड्यांपर्यंतच मजल आणि एका आडव्या रेषेत त्यातले आठच. नववा आला की तो दिसेनासा होतो. गर्दीत शत्रू आणि गोळ्या लुकलुकतात त्या यामुळेच. पण सगळं खापर यंत्रावर फोडणं अन्यायाचं होईल, कारण कॉन्ट्रा त्याच यंत्रावर धावला.

कोनामीने १९८७च्या पार्लरमधल्या कॉन्ट्राची घरासाठी नक्कल केली नाही. १९८८च्या आवृत्तीत टप्पे नव्याने रचले, दिशाबटणाने आठ दिशांना नेम धरता येईल आणि बोट हलताच सैनिक हलेल याची काळजी घेतली. कॉन्ट्राही निर्दय आहे, एक गोळी लागली की एक लाइफ गेली. तरी मेलेला मुलगा चिडून पुन्हा सुरुवात करतो, कारण चूक आपली होती हे त्याला पटलेलं असतं. इकारीत हेच पटत नाही. चोरवाट कॉन्ट्रातही होती: तीस लाइफ देणारी बटणांची साखळी. ती काझुहिसा हाशिमोतो यांनी आधी ग्रॅडियस या गेमसाठी रचली होती.

सैनिकी गेमकडून अपेक्षाभंग होणं आपल्याकडेही घडलं आहे. सप्टेंबर २०२०मध्ये पबजी मोबाइलवर बंदी आली आणि दोनच दिवसांत अक्षय कुमार यांनी फौजी या मोबाइल गेमची घोषणा केली. बेंगळुरूच्या एनकोर गेम्सचा हा गेम २६ जानेवारी २०२१ला आला, गलवान खोऱ्याची पार्श्वभूमी घेऊन. लोकांना पबजीची जागा भरून हवी होती. हाती आली मुख्यतः हाणामारी, आणि मित्रांबरोबर एकत्र खेळायची सोय सुरुवातीला नव्हतीच. देशप्रेमाने गेम डाउनलोड होतो, पण रोज उघडला जातो तो खेळण्यातल्या मजेमुळे.

राल्फ आणि क्लार्कचं नशीब मात्र पुढे फिरलं. एसएनकेने १९९४मध्ये द किंग ऑफ फायटर्स हा मारामारीचा गेम काढला, त्यात दोघांना इकारी संघाचे शिलेदार म्हणून घेतलं, आणि या मालिकेच्या जवळपास प्रत्येक भागात ते दिसत राहिले. मूळ गेमही २०१८मध्ये एसएनकेच्या चाळिशीनिमित्त निन्टेंडो स्विचवर आलेल्या संग्रहात परतला. त्यात पार्लरची आणि घरची, दोन्ही रूपं आहेत. पार्लरच्या रूपात डाव्या अंगठ्याखालच्या काडीने सैनिक चालतो आणि उजव्या अंगठ्याखालच्या काडीने त्याची बंदूक वळते.