मुलांस पैशाचे मोल कसे शिकवावे

लहान मुलांपुढे पैशाची गोष्ट काढू नये, असे पुष्कळ घरांतून मानले जाते. त्याने मुले हावरी होतील, अशी भीती वाटते. आम्हां शिक्षकांचा अनुभव मात्र उलट आहे. पैसा कोठून येतो व कोठे जातो हे ज्या मुलास कळलेच नाही, ते पुढे उधळे होते, नाहीतर चारचौघांत उगाच ओशाळते.

हैदराबादेत आपल्या वाडवडिलांना हा धडा बाजारातच मिळाला. १९५० च्या सुमारास ७ हाली रुपयांस ६ कलदार असा भाव होता. पुढे १ एप्रिल १९५७ रोजी दशमान नाणी आली आणि १६ आण्यांच्या रुपयाचे १०० नवे पैसे झाले. एक आणा म्हणजे सव्वासहा नवे पैसे! १९५९ साली हाली सिक्काही चलनातून गेला. दुकानी पाठवलेल्या पोरास हा सारा हिशेब करावा लागे, आणि नाणे दिले की मूठ रिकामी झालेली कळे.

आजचे मूल काय पाहते? वडील मोबाईल पुढे धरतात आणि वस्तू घरी येते. काही कमी झालेले त्यास दिसत नाही. म्हणून प्रथम खरी नाणी मुलाच्या हाती द्यावीत. पाच-सहा वर्षांच्या मुलास १, २, ५ व १० रुपयांची नाणी मांडून २० रुपये किती रीतींनी होतात ते करून पाहू द्यावे.

सातव्या-आठव्या वर्षी दर आठवड्यास ठरावीक, लहानशी रक्कम द्यावी. तीन डब्या कराव्यात: खर्चाची, साठवणीची व खैरातीची. खर्चाची डबी पहिल्याच दिवशी रिकामी झाली तर मूल रडेल; तरी ती मध्येच भरू नये. आजी-आजोबांनीही हे पथ्य पाळावे! दहा वर्षे पूर्ण झाली की बँकेच्या नियमांप्रमाणे मुलास स्वतःचे बचत खाते उघडून चालवता येते.

तंगीच्या घरी तर हे शिक्षण अधिकच जपून द्यावे लागते. "पैसे नाहीत!" असे खेकसले की मुलास वाटते, आपण मागितले हाच गुन्हा. त्यापेक्षा, "या महिन्यात भाडे आणि दादीचे औषध, तुझे बूट पुढच्या महिन्यात," असे सांगावे, आणि दिलेला शब्द पाळावा. मग मूल घराच्या ओढाताणीत लाचार न होता वाटेकरी होते.

आपल्या ट्रस्टचा कारभार उद्या याच मुलांच्या हाती जायचा आहे. खैरातीच्या डबीत ज्याने स्वतःच्या खाऊतले दोन रुपये टाकले आहेत, त्यास वर्गणीचा एकेक रुपया कोणाच्या तरी घरातून वाचवून आलेला असतो, हे वेगळे सांगावे लागणार नाही.