बालशरीराची वाढ (लेखांक आठवा) : दुधाचे दात आणि सहाव्या वर्षीची दाढ

मागील लेखांकात तान्ह्या मुलाच्या हिरडीतून सहाव्या-सातव्या महिन्याच्या सुमारास डोकावणाऱ्या पहिल्या दातापासून, अडीच-तीन वर्षांच्या वयात वीस दातांचा संच पुरा होईपर्यंतची हकीकत आपण पाहिली. त्यानंतरची तीन वर्षे बाहेरून पाहणाऱ्याला मुलाच्या तोंडात काहीच घडताना दिसत नाही, आणि म्हणूनच सहाव्या वर्षी एके दिवशी जेवताना खालचा पुढचा दात हलू लागला की, घरातील माणसांना तो प्रकार अकस्मात उद्भवल्यासारखा वाटतो. वस्तुतः त्या घटनेची तयारी जबड्याच्या आत कित्येक महिने चाललेली असते, आणि जो नवा दात त्या जागी यावयाचा त्याचा अंकुर तर मूल आईच्या पोटात असतानाच धरलेला असतो.

दुधाचा दात पडतो तो कसा, याविषयी जुन्या युरोपीय वैद्यांची समजूत अशी होती की, त्याचे मूळ हिरडीत शिल्लक राहते व त्याच मुळापासून पुढे नवा दात फुटतो. ही समजूत निराधार म्हणून झिडकारण्याजोगी नव्हती. पडलेला दात तळहातावर घेऊन पाहिला तर त्याला मूळ असे नसतेच. खाली खडबडीत, पोकळ अशी कड तेवढी असते, तेव्हा मूळ आतच राहिले असावे असा तर्क कोणीही केला असता. आधुनिक शरीररचनाशास्त्राचा पाया घालणारा व्हेसालियसदेखील याच मताचा होता. १५६३ साली बार्तोलोमेओ युस्ताकी या इटालियन शारीरविद्याविशारदाने केवळ दातांना वाहिलेला एक लहानसा ग्रंथ प्रसिद्ध केला, आणि गर्भाचे व मृत अर्भकांचे जबडे उघडून पाहून त्याने असे दाखवले की, दुधाच्या दातांचे आणि कायमच्या दातांचे अंकुर मुळापासूनच निराळे असून एकाचा दुसऱ्यापासून उद्भव होत नाही. नुसते तर्क करीत न बसता प्रत्यक्ष पाहण्याचा हा जो निश्चय, त्याविषयी मला फार आदर वाटतो.

मग मूळ जाते कुठे? ते विरघळते. नवा दात हाडाच्या आत आपल्या कोशात वाढत वाढत हिरडीच्या दिशेने सरकू लागला म्हणजे, दुधाच्या दाताच्या मुळापाशी काही विशिष्ट मोठ्या पेशी जमतात आणि मुळातील चुना व तंतू यांचा हळूहळू निकाल लावतात. हाडाची नित्य झीज ज्यांच्यामुळे होते त्याच जातीच्या या पेशी होत. खालच्या पुढच्या दातांच्या बाबतीत चौथ्या वर्षाच्या आसपास, म्हणजे दात हलण्याच्या बऱ्याच आधीपासून, हे काम चालू होते. परंतु ते अखंड चालत नाही. मध्यंतरी ते थांबते, झिजलेल्या भागावर थोडी भरही पडते, आणि म्हणून आठवडाभर लुकलुकणारा दात पुन्हा काही दिवस घट्ट बसल्यासारखा वाटतो. घरातील वडीलधाऱ्या बायकांना हा अनुभव पूर्वापार ठाऊक आहे. ज्या ठिकाणी खाली कायमचा दात मुळीच निर्माण झालेला नसतो, त्या ठिकाणीही दुधाच्या दाताचे मूळ बहुधा विरघळतेच. मात्र इतक्या सावकाश की, तसा एखादा दात तिशी-चाळिशीपर्यंतही तोंडात राहू शकतो. यावरून नुसता खालून बसणारा दाब एवढेच या क्रियेचे कारण नव्हे, हे उघड होते.

इतकी नियमित व्यवस्था निसर्गाने केलेली असताना, दाताला दोरा बांधून त्याचे दुसरे टोक दाराच्या कडीला अडकवण्याची जी रीत घरोघर दिसते ती अनावश्यक आहे. मुलाची जीभच ते काम करते. अखेरीस दात केवळ हिरडीच्या एका धाग्यावर लोंबू लागला आणि मुलाला घास चावणे कठीण झाले, तर स्वच्छ हाताने, स्वच्छ कापडात धरून तो काढण्यास हरकत नाही; चार थेंब रक्त येईल, ते कापूस काही मिनिटे दाताखाली दाबून धरल्याने थांबते.

पडलेल्या दाताचे काय करावयाचे याचे संकेत आपल्याकडे प्रांतोप्रांती निरनिराळे आहेत. कोठे तो कौलांवर भिरकावतात, कोठे उंदराच्या बिळाशी ठेवतात, कोठे तुळशीच्या मुळाशी पुरतात. उंदराकडून त्याच्यासारखे बळकट दात मागून घेण्याची ही कल्पना जगातील इतर अनेक समाजांतही आढळते, आणि उंदराचे पुढचे दात आयुष्यभर वाढत राहतात हे ध्यानात घेतले म्हणजे त्या निवडीमागील निरीक्षण किती अचूक होते याची खात्री पटते. दात फेकून देण्यापूर्वी तो क्षणभर न्याहाळून पाहावा, असे मात्र मी आग्रहाने सांगेन. त्याच्या वरच्या शुभ्र कवचाला, म्हणजे दंतवल्काला, घडण्यास गर्भावस्थेच्या चौथ्या महिन्याच्या सुमारास प्रारंभ होतो व जन्मानंतर काही महिन्यांनी ते पुरे होते. जन्माच्या वेळी शरीराच्या सगळ्याच व्यवहारांत जी उलथापालथ होते तिची खूण एका सूक्ष्म रेषेच्या रूपाने त्या कवचात कायमची उमटून राहते. दाताचा पातळ काप करून सूक्ष्मदर्शकाखाली धरला तर ही जन्मरेषा स्पष्ट दिसते, आणि तिच्या एका बाजूचे द्रव्य आईच्या पोटात व दुसऱ्या बाजूचे बाहेरच्या जगात घडले, असे निश्चयाने सांगता येते.

आता आजच्या लेखांकाचा जो मुख्य विषय, त्याकडे वळू. पुढचा दात पडला की घरभर त्याची वार्ता होते, परंतु साधारण त्याच सुमारास, कित्येकदा त्याच्याही आधी, मुलाच्या तोंडात अगदी मागे, दुधाच्या शेवटच्या दाढेच्याही पलीकडे, वर दोन आणि खाली दोन अशा चार नव्या दाढा उगवतात, आणि त्यांची कोणीच दखल घेत नाही. कारण त्यांच्यासाठी कोणताही दात पडत नाही. कायमच्या बत्तीस दातांपैकी वीस तेवढे दुधाच्या दातांच्या जागी येतात. उरलेल्या बारा दाढांना पूर्वज नसतात, आणि या चार दाढा त्या बारांमधील अग्रेसर होत. त्या न वाजतगाजत येतात, दुधाच्या दाढांच्या रांगेत बसतात, आणि आईबाप त्यांनाही पडणाऱ्या दातांत जमा धरतात. मुलाच्या दातांसंबंधी आपल्या समाजात जेवढे गैरसमज आहेत त्यांतील सर्वांत महाग पडणारा गैरसमज हाच, असे माझे मत आहे.

आपल्या प्राचीन वैद्यकात बालरोगांवरचा मुख्य ग्रंथ म्हणजे काश्यपसंहिता. नेपाळात मिळालेल्या खंडित हस्तलिखितावरून ती १९३८ साली छापून प्रसिद्ध झाली. तिच्यात दातांच्या जन्माविषयी स्वतंत्र अध्याय असून बत्तीस दातांपैकी आठ एकदाच उगवणारे आणि बाकीचे चोवीस दोनदा उगवणारे अशी वाटणी तिथे केलेली आहे. आजच्या गणनेप्रमाणे हे आकडे बारा आणि वीस असे येतात. तफावत चारांची आहे, आणि ती पाहिली की माझ्या मनात सहाव्या वर्षीच्या याच चार दाढा येतात: इतक्या लहान वयात, दुधाच्या दातांच्या संगतीत उगवलेली दाढ पुढे पडून पुन्हा येणारच, असा समज त्या सूक्ष्मदर्शी ग्रंथकाराचाही झाला असेल तर त्यात नवल नाही. हा माझा कयास आहे, सिद्धांत नव्हे.

याच दाढेला पुढे एकदा न्यायालयात आणि कारखान्यात साक्षीला उभे राहावे लागले. इंग्लंडात सात वर्षांखालील मुलास गुन्ह्याबद्दल जबाबदार धरीत नसत. आपल्याकडे १८६० च्या दंडसंहितेनेही तोच नियम कायम केला. परंतु आरोपी मुलाचे वय मुक्रर करावयाचे कशावरून? अँथनी टॉड थॉमसन या वैद्यकीय न्यायशास्त्राच्या अध्यापकाने १८३६ साली असे प्रतिपादन केले की, ही पहिली कायमची दाढ हिरडीबाहेर आली नसेल, तर त्या मुलाने सातवे वर्ष ओलांडले नाही असे बेलाशक म्हणावे. त्याच सुमारास कारखान्यांचा प्रश्न ऐरणीवर आला. १८३३ च्या इंग्लिश कायद्याने बहुतेक कापडगिरण्यांत नऊ वर्षांखालील मुलांना कामावर ठेवण्याची मनाई केली होती, पण तेथे जन्मनोंदीचे सरकारी दप्तरच १८३७ पर्यंत नव्हते. डॉक्टराने मुलाच्या एकंदर रूपावरून व बळावरून वयाचा दाखला द्यावयाचा, अशी तजवीज होती. पोटासाठी आईबाप वय वाढवून सांगत आणि मालक ते मानून घेत. एडविन सॉन्डर्स या तरुण दंतवैद्याने हजारांहून अधिक मुलांचे दात तपासून १८३७ साली पार्लमेंटपुढे एक पुस्तिका मांडली आणि उंचीपेक्षा दातांवरून वयाचा निर्णय अधिक भरवशाने होतो, असे दाखवून दिले. मुंबईच्या गिरण्यांना लागू झालेला पहिला कारखाना कायदा १८८१ सालचा. त्याने मुलांसाठी वयाची किमान मर्यादा ठरवली ती सात वर्षांची, आणि १८९१ साली ती नऊ करण्यात आली. ज्यांच्या जन्माची नोंद कोठेच नव्हती अशा त्या मुलांच्या वयाचा वाद येथेही तसाच माजला. सात वर्षांचे पोर सूतगिरणीत नऊ नऊ तास उभे करण्यास कायद्याची मुभा होती, हे वाक्य लिहितानाही हात जड होतो.

या दाढेचे माहात्म्य केवळ वयाच्या दाखल्यापुरते नाही. वरचा आणि खालचा जबडा एकमेकांवर कसे मिटावेत याची बैठक तीच घालून देते, आणि तिच्या पुढील सर्व जागा ज्या क्रमाने भरावयाच्या तो क्रम दुधाच्या दाढांनी सांभाळून ठेवलेला असतो. पुढचे दात सातव्या-आठव्या वर्षी बदलून मोकळे होतात, परंतु दुधाच्या दाढा दहाव्या-बाराव्या वर्षापर्यंत आपल्या ठिकाणी असाव्या लागतात. धन्याच्या गैरहजेरीत वतन राखणाऱ्या इमानी कारभाऱ्याचे काम त्या करतात. त्यांच्या मुळांच्या बेचक्यात, पुढे त्यांची जागा घेणाऱ्या कायमच्या उपदाढांचे अंकुर वाढत असतात. “पडणारच आहे, कशाला भरावयाची?” म्हणून किडलेली दुधाची दाढ सहाव्या-सातव्या वर्षी उपटून टाकली, तर मागून आलेली कायमची दाढ त्या रिकाम्या जागेत पुढे सरकते, आणि चार वर्षांनी उपदाढ वर येऊ पाहते तेव्हा तिला वाट उरत नाही, ती वेडीवाकडी बाहेर पडते किंवा हाडातच अडकून राहते. किडलेली दाढ न उपटता तशीच सडू दिली तर मुळाशी होणारा पू खालच्या अंकुरापर्यंत पोहोचून नव्या उपदाढेचे दंतवल्क डागाळून टाकण्याचा संभव असतो. म्हणून दुधाची दाढ शक्य तोवर भरून वाचवावी, आणि काढणे अपरिहार्यच झाले तर दंतवैद्याकडून त्या जागी तारेचा आधार बसवून घेऊन जागा राखावी.

आता पालकांच्या काही चिंतांचा थोडक्यात परामर्श घेऊ. खालचे नवे दात दुधाच्या दातांच्या मागे उगवून दुहेरी रांग दिसते, तेव्हा आईबाप घाबरतात. जुने दात हलत असतील तर बहुधा ते आपसुक पडतात आणि जीभ नव्यांना पुढे ढकलते, मात्र जुना दात मुळीच हलत नसेल तर दंतवैद्याचा सल्ला घ्यावा. वरच्या नव्या दातांत पडणारी फट पुष्कळदा अकराव्या-बाराव्या वर्षी सुळे उतरल्यावर आपोआप मिटते. नवे दात दुधाच्या दातांपेक्षा पिवळसर दिसतात, कारण त्यांच्या आतील दंतिनाचा थर जाड असतो. त्यांच्या कडेवरचे तीन बारीक उंचवटे चावण्याने झिजून जातात. पण ज्या पांढुरक्या किंवा तपकिरी पट्ट्या दात उगवतानाच त्यावर असतात त्यांची गोष्ट वेगळी. कायमच्या पुढच्या दातांची घडण जन्मानंतरच्या पहिल्या चार-पाच वर्षांत होते, आणि त्या काळात लिटरमागे दीड मिलिग्रॅमहून अधिक फ्लोराइड असलेले पाणी मुलाच्या पोटात नित्य गेले तर त्याची नोंद दंतवल्कावर कायमची होते. यवतमाळ, चंद्रपूर, नांदेड या जिल्ह्यांतील कित्येक गावांत कूपनलिकांच्या पाण्यामुळे ही व्यथा पिढ्यान्पिढ्या चालत आलेली आहे, आणि शाळेत तोंडावर हात धरून हसणारी ती मुले पाहिली म्हणजे चांगल्या पाण्याची निकड आणखी कोणत्या पुराव्याने पटवावी लागते, हे मला समजत नाही.

सहाव्या वर्षीची दाढ ओळखावी कशी, हे सांगणे तेवढे राहिले. मूल पाच वर्षांचे झाले की महिन्यातून एकदा त्याला खिडकीच्या उजेडात बसवावे, तोंड उघडावयास लावावे, आणि जबड्याच्या मध्यापासून मागे मोजीत जावे: पुढचे दोन, तिसरा सुळा, चौथी व पाचवी दुधाची दाढ. त्यामागे सहाव्या ठिकाणी हिरडी फुगलेली दिसली किंवा पांढरे टोक वर आलेले दिसले, तर ती हीच. ती पुरती वर येण्यास बरेच महिने लागतात, आणि तोवर ती शेजारच्या दाढेपेक्षा खाली असल्याने नेहमीच्या घासण्यात ब्रश तिला लागतच नाही. शिवाय तिच्या माथ्यावरच्या खाचा खोल आणि कवच कोवळे असते, त्यामुळे पहिल्या दोन-तीन वर्षांतच ती किडण्याचा धोका सर्वांत अधिक. ब्रश गालाच्या बाजूने आडवा आत घालून तेवढी एक दाढ निराळी घासावी, आणि मूल आठ-नऊ वर्षांचे होईपर्यंत हे काम रात्री मोठ्या माणसाने स्वतः करावे. खाचांत भरावयाचा लेप दंतवैद्याकडे मिळतो. तो दाढ पुरती वर आल्याबरोबर लावून घ्यावा. हिच्यामागची दाढ बाराव्या वर्षी येते. तिचा आणि अक्कलदाढेचा विचार पुढील लेखांकी.