विषारी सर्पदंश व रक्त गोठण्यातील बिघाड : माहूर परिसराच्या संदर्भात

माहूर हा नांदेड जिल्ह्याच्या उत्तर टोकाचा डोंगराळ, वनाच्छादित तालुका होय. पैनगंगेच्या खोऱ्यातील शेतांत पावसाळ्यात सर्पदंशाचा धोका विशेष वाढतो. महाराष्ट्रातील चार प्रमुख विषारी सापांपैकी नाग व मण्यार यांचे विष मुख्यत्वे मज्जासंस्थेवर, तर घोणस व फुरसे यांचे विष रक्तावर परिणाम करते.

घोणस चावल्यास रक्त ‘पातळ’ होते, असा सार्वत्रिक समज आहे. वस्तुतः विष प्रथम रक्त गोठविण्याची क्रियाच सुरू करते. घोणसाचे विष रक्तातील पाचव्या व दहाव्या घटकास उत्तेजित करते; फुरशाचे विष प्रोथ्रॉम्बिनचे रूपांतर घडवून आणते. परिणामी फायब्रिनोजेन हे प्रथिन काही तासांतच खर्ची पडते आणि गुठळी बांधण्यास रक्तात सामग्रीच उरत नाही. मग हिरड्यांतून, दंशाच्या जागेतून, लघवीतून रक्त जाऊ लागते. मेंदूतील रक्तस्राव प्राणघातक ठरतो. घोणसदंशात मूत्रपिंडेही निकामी होऊ शकतात.

उपचाराचे तर्कशास्त्र यातूनच स्पष्ट होते. प्रतिविष रक्तातील विष निष्प्रभ करते. फायब्रिनोजेन मात्र यकृतालाच नव्याने तयार करावे लागते व त्यास अनेक तास लागतात. म्हणूनच प्रतिविष दिल्यावर सुमारे सहा तासांनी रक्ताची पुन्हा तपासणी करून पुढील मात्रेचा निर्णय घेतला जातो. या मधल्या काळात ‘औषध लागू पडत नाही’ म्हणून नातेवाईकांनी रुग्णास मांत्रिकाकडे हलविणे जिवावर बेतू शकते.

ही तपासणी अत्यंत साधी आहे. दोन-तीन मिलिलिटर रक्त काचेच्या परीक्षानळीत वीस मिनिटे न हलविता ठेवून नळी एकदा तिरपी करावयाची; रक्त वाहिले तर ते गोठलेले नाही. तिला ना वीज लागते, ना यंत्र. माहूरहून नांदेडचे शासकीय वैद्यकीय महाविद्यालय शंभर किलोमीटरहून दूर असल्याने स्थानिक रुग्णालयातील ही वीस मिनिटे मोलाची ठरतात. ग्रामीण रुग्णालयात सर्पदंशाचा उपचार शक्य आहे, हे याच जिल्ह्यातील मुखेड येथील डॉ. दिलीप पुंडे यांच्या 2005 साली प्रसिद्ध झालेल्या दहा वर्षांच्या अनुभवावरील शोधनिबंधातून दिसून येते.

चाचणीतील पथ्य एकच, पण कडक : नळी नवी, कोरडी व काचेचीच हवी. प्लॅस्टिकच्या किंवा साबणाने धुतलेल्या नळीत निरोगी माणसाचे रक्तही वेळेत न गोठण्याची शक्यता असते आणि मग नसलेल्या विषावर प्रतिविष दिले जाते.