दीनानाथांनी मागे ठेवलेला सूर

24 एप्रिल 1942 रोजी पुण्यात मास्टर दीनानाथ मंगेशकर गेले, तेव्हा ते अवघे 41 वर्षांचे होते. थोरली लता तेराव्या वर्षात होती, धाकटा हृदयनाथ तर जेमतेम साडेचार वर्षांचा. 'बळवंत संगीत मंडळी' गाजवणाऱ्या या नटाचे हात चित्रपटाच्या धंद्यात पोळले होते, त्यामुळे घरात पैसा उरला नव्हता.

पण गाणं होतं. लताबाई मुलाखतींत एक प्रसंग नेहमी सांगत. वडिलांचा एक शिष्य रियाज करत होता. त्याचं काहीतरी चुकतंय म्हणून बाहेर खेळणारी लहानगी लता आत गेली आणि ती जागा तिने त्याला गाऊन दाखवली. मागून दीनानाथ ऐकत होते. दुसऱ्या दिवशी पहाटेच तिला उठवून त्यांनी तानपुऱ्यापाशी बसवलं. तालीम सुरू झाली ती पूरिया धनाश्रीने.

ही शिकवणी फार वर्षं लाभली नाही, हे विसरता येत नाही. तरी तिचा पाया किती पक्का होता! त्याच 1942 मध्ये लता 'पहिली मंगळागौर' या चित्रपटात उभी राहिली आणि घर चालवू लागली.

हृदयनाथांच्या वाट्याला तर वडिलांचा सहवास फारसा आलाच नाही. तरीही त्यांच्या चालींतल्या अवघड, अनपेक्षित वळणांत दीनानाथांच्या आक्रमक नाट्यगायनाचा अंश जाणवतो.

आज पुण्यात दीनानाथांच्या नावाचं रुग्णालय उभं आहे आणि दर 24 एप्रिलला मुलांनी सुरू केलेले दीनानाथ पुरस्कार दिले जातात.